देखाव्यात पब्लिककडून समुद्रमंथन करून घ्यायचंय: कॅमेरा, मोबाईल का अजून काही?

कार्यकर्ता_नं_७

मंडळी नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं मंडळ पुण्यात पेठेत आहे, मानाचं वगैरे अजिबात नाही, गल्लीतलं. वीसेक वर्षं आम्ही हलते देखावे करतोय, म्हणजे मोटर, पट्टा, फायबरच्या मूर्ती, मागे रेकॉर्ड केलेलं निवेदन, सहा-सात मिनिटांचा शो आणि मग परत पहिल्यापासून. मधे दोन वर्षं जिवंत देखावा केला पण रोज रात्री तीच पंधरा पोरं उभी करायची म्हणजे तिसऱ्या दिवशी निम्म्यांचा घसा बसतो आणि उरलेल्यांच्या घरचे आम्हाला शोधत येतात.

यंदा समुद्रमंथन ठरलंय. मधे मंदार पर्वत, त्याला वासुकी, एका बाजूला देव, एका बाजूला दैत्य. तर आमच्यातल्या एकाच्या डोक्यात आलं की वासुकी मोटरने कशाला ओढायचा, पब्लिकलाच ओढू दे. गल्लीत डावीकडे उभे असतील ते देव, उजवीकडचे दैत्य, त्यांनी हवेत दोर ओढल्यासारखे हात हलवले की पर्वत फिरला पाहिजे, आणि पुरेसं घुसळलं की एकेक रत्न वर यायचं. पर्वत खरा, मोटरवर, मागचा समुद्र प्रोजेक्टरने.

हे सुचलं त्याला कारण आहे. गेल्या वर्षी मी चार-पाच रात्री मंडपाच्या कडेला उभा राहून देखाव्याकडे पाठ करून नुसते लोक बघत होतो. निवेदनाकडे कुणाचं लक्ष नसतं. हात वर, फोन वर, पंधरा-वीस सेकंदांचं रील, आणि पुढच्या मंडळाकडे. देखावा ते स्वतःच्या फोनच्या स्क्रीनवरच बघतात, समोर प्रत्यक्ष असताना. आमचे जुने लोक ह्यावर चिडतात, मला मात्र वाटलं की हात वर आहेतच तर त्या हातांनाच काम देऊ.

आता प्रश्न. एकजण म्हणाला जुना किनेक्ट, म्हणजे एक्सबॉक्स गेमचा हालचाल ओळखणारा कॅमेरा, मिळवा. दुसरा म्हणाला आता साध्या वेबकॅमवर एआयने हात ओळखता येतो. तिसरा म्हणाला क्यूआर कोड लावा आणि लोकांच्या फोनवरच सगळं करा, फोन हलवला की दोर हलला. एका इव्हेंटवाल्याने कोटेशन पाठवलं ते बघून आमच्या खजिनदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. लॅपटॉप आहे, प्रोजेक्टर भाड्याने येतोय, ह्या कामाला वर वीसेक हजार निघतील. एक पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला कोडिंग येतं. गल्ली साधारण वीस फूट रुंद, गौरी गेल्यावर एका वेळी दीड-दोनशे माणूस उभा असतो.

कुणी असलं काही केलंय का?

तांब्याची_तार

मी इंस्टॉलेशनची कामं करतो, प्रदर्शनं, म्युझियम, पोटासाठी अधूनमधून लग्नंसुद्धा. त्यामुळे जरा बैजवार लिहितो.

किनेक्टचं आधी. ४ नोव्हेंबर २०१० ला मायक्रोसॉफ्टने तो एक्सबॉक्स ३६० साठी आणला, पहिल्या साठ दिवसांत ८० लाख विकले गेले, गिनीजमध्ये नोंद झाली त्याची. पण खरी धमाल गेमच्या बाहेर झाली. त्याआधी खोली मोजणारा कॅमेरा घ्यायचा म्हणजे हजारो डॉलर, आणि हा दीडशे डॉलरला दुकानात. एडाफ्रूट नावाच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने तो कुठल्याही कॉम्प्युटरला जोडता यावा म्हणून ओपन सोर्स ड्रायव्हरसाठी बक्षीस लावलं आणि आठवड्याच्या आत तो निघालासुद्धा, मग काय, नाचाचे प्रयोग, म्युझियमच्या भिंती, दुकानाच्या काचा, सगळीकडे लोक हात हलवायला लागले. हा डबा डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांची रांगोळी समोर टाकतो, ती रांगोळी कुठे किती वाकडी झाली ते बघून कोण किती लांब आहे ते काढतो, आणि त्यावरून माणसाचा सांगाडा.

पण तुमच्या कामाचा नाही. पहिला किनेक्ट एका वेळी दोनच माणसांचा पूर्ण सांगाडा धरतो, २०१३ चा दुसरा सहा जणांचा, आणि पल्ला चार-साडेचार मीटर. तुमच्याकडे दोनशे माणूस. वर आता तो बनतही नाही, मूळ वस्तू २०१७ ला बंद झाली, नंतर २०१९ ला अझूर नावाने आलेलं भावंडही २०२३ ला बंद. गंमत म्हणजे पहिल्या किनेक्टचं तंत्र ज्या इस्रायली प्राइमसेन्सचं होतं ती कंपनी २०१३ मध्ये ॲपलने विकत घेतली आणि २०१७ च्या आयफोन टेनमध्ये तोंड ओळखायला तीस हजार ठिपक्यांची तीच कल्पना आली. म्हणजे टीव्हीखालचा तो डबा मेला वगैरे नाही, आटून फोनच्या कपाळात जाऊन बसला.

वेबकॅम आणि एआय म्हणाले ते बहुतेक मीडियापाइप असणार. गुगलने २०१९ ला मोकळं केलं, हाताचे २१ बिंदू काढतं, साध्या लॅपटॉपवर पळतं, मी रोज वापरतो. पण एक-दोन माणसं कॅमेऱ्यासमोर नीट उभी असतील तर. गर्दीत हात एवढाएवढासा दिसतो, पुढच्याचं डोकं मागच्याच्या हातावर, अंधार वेगळाच.

म्हणून माझं म्हणणं, हात ओळखायच्या भानगडीत पडूच नका. तुम्हाला कुणाचा हात कुठे आहे हे हवंय कुठे? डाव्या अर्ध्यात किती हालचाल आणि उजव्या अर्ध्यात किती, आणि कुठल्या दिशेला, एवढंच हवंय. त्याला ऑप्टिकल फ्लो म्हणतात, ओपनसीव्ही नावाच्या फुकट कोड लायब्ररीत आयतं आहे, पोरगं दोन दिवसांत करेल. १९९१ मध्ये लास व्हेगासला सिग्राफ ह्या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत पिक्सारच्या लॉरेन कार्पेंटरने हजारो प्रेक्षकांना हातात एका बाजूने लाल, एका बाजूने हिरवी पॅडल देऊन मोठ्या पडद्यावर पाँग हा चेंडू टोलवायचा जुना गेम खेळायला लावला होता. कॅमेरा फक्त लाल किती, हिरवे किती एवढंच मोजत होता. कुणी काही शिकवलं नाही, लोकांनी आपापसात जमवलं.

टपरीवरचा

एवढा कुटाणा करण्यापेक्षा खरा दोर बांधा की राव. काथ्याचा, जाड. दोन्ही बाजूंना दहा-दहा पोरं लावा. रस्सीखेच काय नवीन आहे का आपल्याला. हवेत कसला दोर ओढायचा, भूत लागल्यासारखं दिसेल माणूस.

तांब्याची_तार

@टपरीवरचा हसण्यावारी नेऊ नका, हे मी लिहायला पाहिजे होतं. जुन्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यातला भार मोजणारा लोड सेल, त्याचं माप वाचणारा एचएक्स७११ चा छोटा बोर्ड आणि ते लॅपटॉपला पाठवणारा ईएसपी३२ कंट्रोलर, सगळं मिळून हजार रुपयांत, दोर किती ताणलाय ते आकड्यात लॅपटॉपला कळतं. अडचण एकच, गर्दीत ताणलेला दोर म्हणजे पोलीस परवानगीला नको नको होणार. आणि दहा पोरं ओढणार, दोनशे लोक बघणार, म्हणजे परत बघेच.

अनुस्वार

मी इंटरॅक्शन डिझाइन शिकवते. टपरीवरच्यांनी दोन ओळीत जे म्हटलंय त्यावर आमच्याकडे अख्खं सेमिस्टर जातं.

हातवाऱ्यांनी मशीन चालवणं नवीन नाही. मायरन क्रूगर नावाच्या माणसाने सत्तरच्या दशकात व्हिडिओप्लेस केलं होतं, कॅमेऱ्यासमोर माणूस उभा, त्याची सावली पडद्यावर, आणि सावलीने पडद्यावरच्या वस्तू ढकलायच्या. २००६ च्या निन्टेंडो वीने ते घराघरात नेलं, रिमोट बॅटसारखा फिरवायचा. २००९ ला प्रणव मिस्त्रीचं सिक्स्थसेन्स आलं, आपल्या पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी ह्या डिझाइन विभागातून शिकून एमआयटीला गेलेला मुलगा, गळ्यात कॅमेरा आणि छोटा प्रोजेक्टर, बोटांना रंगीत टोप्या, हवेत बोटांची चौकट केली की फोटो निघायचा. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला वाटलं की आता फोन संपला. झालं उलटं, २००७ च्या आयफोनपासून जी काच हातात आली तीच सगळ्यावर बसली आणि हवेतले हातवारे प्रदर्शनातच राहिले.

का राहिले, ह्याची माझ्या मते तीन-चार कारणं आहेत आणि तुमच्या देखाव्याला ती सगळी लागू पडतात. पहिलं, हवेत हाताला काही लागत नाही. काचेला निदान काच लागते, फोन थरथरतो. दोर ओढताना दोर उलटा ओढतो म्हणून तर ओढण्यात मजा. ती मजा तुम्हाला दुसरीकडून भरून द्यावी लागेल, आवाजाने, म्हणजे ओढ बसली की पर्वताचा करकर आवाज ताबडतोब यायला हवा, अर्ध्या सेकंदाने आला तर लोकांना वाटेल हे आधीच रेकॉर्ड केलेलं आहे आणि आपल्याला बनवतायत. दुसरं, हात भरून येतो. उभ्या टचस्क्रीनवर काम करणाऱ्यांच्या ह्या दुखण्याला ऐंशीच्या दशकापासून गोरिला आर्म असं नावच पडलंय. ॲपलच्या २०२४ च्या व्हिजन प्रोमध्ये म्हणूनच हात वर करायचा नाही, हात मांडीवर, नजर वस्तूवर आणि नुसती चिमूट. तुम्ही सहा मिनिटं घुसळायला लावलंत तर दुसऱ्या मिनिटाला गल्लीतले सगळे देव हात खाली करून उभे दिसतील.

तिसरं जास्त महत्त्वाचं. ह्या हातवाऱ्यांना नॅचरल म्हणायची फॅशन आहे. डॉन नॉर्मन ह्या डिझाइनच्या अभ्यासकाने २०१० मध्येच लिहून ठेवलंय की ते नॅचरल बिचरल काही नसतात, बटण दिसतं तरी, हातवारा दिसतच नाही, कुणीतरी सांगावा लागतो. मग न सांगता कळणारा हातवारा कुठला? जो माणसाला आधीच येतो. माझं आवडतं उदाहरण आयआयटी मुंबईच्या आयडीसीतच झालेला स्वरचक्र कीबोर्ड. 'क' वर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं, का कि की कु कू, बोट तिकडे सरकवलं की अक्षर तयार. ज्याला बाराखडी येते त्याला ते कसं चालतं हे सांगावं लागत नाही, कारण त्याच्या डोक्यात ती ओळ पहिलीतच बसलेली असते. तुमच्या पोराला दोर सुचला तो म्हणूनच चांगला आहे, रस्सीखेच सगळ्यांना येते. त्याच्याऐवजी स्वाइप करा म्हणाला असतात तर मी हा प्रतिसाद लिहिला नसता.

आणि हात भरून येण्यावर उपाय तुमच्या कथेतच आहे. मंथनातून पहिल्यांदा काय आलं? हलाहल. तेव्हा सगळे थांबले. मग लोकांनाही थांबवा. ओढणं हा जसा हातवारा आहे तसा थांबणं हाही आहे, आणि दोनशे लोक एकदम थांबले हे कॅमेऱ्याला ओळखायला सगळ्यात सोपं.

सईची_आई

अनुस्वार ताई, बटण दिसतं हातवारा दिसत नाही हे आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली ह्यांना घरी बोलाव. तिच्या फोनला अपडेट आला आणि खालची तीन बटणं गायब झाली, कडेवरून बोट ओढायचं आलं. तिला वाटलं फोन बिघडला. दोन दिवस कुणाला काही बोलली नाही, एका ॲपमध्ये गेली की बाहेर यायला फोन बंद करून चालू करत होती! मी सेटिंगमधून बटणं परत आणून दिली तेव्हा अशी खूश झाली जशी हरवलेली किल्ली सापडली.

कार्यकर्ता दादा, तुम्ही लोक बघितलेत म्हणता, पण बायका बघितल्या का? एका हातात पर्स, एका हातात पोर, पदर नाहीतर ओढणी सांभाळायची, वर गर्दीत कुणाचा धक्का लागेल म्हणून कोपर बाहेर काढून उभं राहायचं. आम्ही हवेत दोर कुठल्या हाताने ओढणार? आणि भर गल्लीत हात हलवायला लाज वाटतेच, खोटं कशाला बोलू. गणपतीसमोर न सांगता माणूस दोनच गोष्टी करतो, नमस्कार आणि आरतीच्या टाळ्या. टाळ्यांवर पर्वत फिरवा ना!

तांब्याची_तार

@सईची_आई टाळ्या मी एका प्रदर्शनात केल्या होत्या, छान चालतं, पण गल्लीत स्वतःचाच स्पीकर, शेजारच्या मंडळाचा स्पीकर आणि ढोल, मायक्रोफोनला टाळी कुठली ते कळणार नाही. नमस्कार तर आणखी अवघड, दोन तळवे एकमेकांना चिकटले की एक हात दुसऱ्यामागे लपतो आणि प्रोग्राम गोंधळतो, दोन हात होते तिथे एकच दिसायला लागतो. म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात सोपा हातवारा मशीनला सगळ्यात जड. हात मोकळे नसतात हा मुद्दा मात्र मानला. मोकळा असला तर एक, आणि त्यात फोन.

सॅन_होजेकर

उशिरा आलो, इकडे रात्र होती. फोनबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझं रोजचं काम ब्राउझरशी आहे.

क्यूआर, वेबपेज आणि फोन हलवणं हे डेमोत फार सुंदर दिसतं. फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो, ब्राउझरला तो वाचता येतो, इथवर ठीक. पण पान एचटीटीपीएसवरच, म्हणजे सुरक्षित जोडणीवरच पाहिजे, साध्या लोकल राउटरवर चालवायचं तर त्यासाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटची कटकट. आयफोनवर आयओएस १३ पासून मोशन सेन्सरला परवानगी मागावी लागते आणि तीही माणसाने पानावर टॅप केल्यावरच मागता येते. अँड्रॉइडवर ओढताना फोन थरथरवता येईल, आयफोनच्या सफारीत ती सोयच नाही, म्हणजे आयफोनवाल्यांना अनुस्वार म्हणतात तो उलटा ओढणारा दोर मिळणार नाही. घरगुती राउटरला शंभर फोन जोडलेत तर तो पहिल्या शोलाच मान टाकेल, मोबाईल डेटावर टाकावं तर विसर्जनाच्या आसपास पेठेत साधा फोन लागत नाही हे मीच तिथे उभं राहून अनुभवलंय. आणि हे सगळं झालं तरी स्कॅन करा, उघडा, परवानगी द्या, ह्यात माणसाचं मिनिट जातं, तेवढ्यात मागून ढकलत ढकलत तो तुमच्या मंडपाच्या पुढे गेलेला असतो.

(अवांतर: हवेतल्या हातवाऱ्यांसाठी फोनमध्येच रडार बसवायचा प्रयत्न २०१९ ला पिक्सेल ४ मध्ये झाला होता, फोनला हात न लावता गाणं पुढे ढकलायचं. ते रडार ६० गिगाहर्ट्झवर चालायचं, भारतात त्या पट्ट्याला तशी मुभा नव्हती म्हणून तो फोन भारतात आलाच नाही. पुढच्या वर्षीच्या मॉडेलमधून रडार गेलंच, त्यामुळे फार काही बुडालं नाही.)

मला विचाराल तर फोनला कॉम्प्युटर समजूच नका. टॉर्च समजा. लोकांना म्हणा फोनचा टॉर्च लावा आणि डावीकडून उजवीकडे ओढा. कॉन्सर्टमध्ये लोक न सांगता करतात. ॲप नाही, नेटवर्क नाही, परवानगी नाही, आयफोन अँड्रॉइड भेद नाही, साडेचार हजारांचा फोनही चालतो, आणि एक हात पुरतो. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, म्हणजे तो किती उजेड आत घेतो ते, एवढं खाली घ्या की बाकी सगळं काळं आणि फक्त टॉर्चचे ठिपके. तारसाहेब सांगतायत तो फ्लो ह्या ठिपक्यांवर लावा.

तांब्याची_तार

सॅन_होजेकरांना दंडवत. हेच. फक्त एक, एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही हाताने लॉक करा, ऑटोवर ठेवलं तर टॉर्च लागले की कॅमेरा स्वतःच चित्र काळं करतो, गेले की उजळवतो, आणि त्या उजळण्यालाच तुमचा प्रोग्राम दोर ओढला समजेल.

कार्यकर्ता_नं_७

मंडळी, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे वाचून काल रात्री साडेदहाला गल्लीत टेस्ट घेतली, मंडप अजून अर्धाच आहे पण कॅमेरा बांबूला बांधला, प्रोजेक्टरऐवजी एका कार्यकर्त्याच्या घरचा टीव्ही खाली आणला. पर्वत अजून आला नाही म्हणून टेबल फॅन फिरवला, ओढ लागली की फॅनचा वेग वाढायचा. हसू नका.

कॅमेरा चालू केला, गल्लीत एक माणूस नाही, आणि मंदार पर्वत जोरात फिरतोय. दैत्यांच्या बाजूने. कोडवाल्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अर्ध्या तासाने लक्षात आलं, समोरच्या एका दुकानाने उत्सवासाठी पळती लायटिंग लावलीय, ती डावीकडून उजवीकडे पळते, ती एकटीच मंथन करत होती. आधी वाटलं दुकानदाराला सांगावं बंद करा, पण वर्गणी त्याचीच सगळ्यात मोठी. मग पोराने चित्राचा तो वरचा पट्टा काळा करून टाकला, दुकानाचा बोर्ड आणि त्याखालचा फूटभर, आणि फक्त माणसांच्या उंचीचा भाग ठेवला. त्याने जमलं.

नंतर आसपासची पंचवीस-तीस माणसं गोळा केली. हवेत दोर ओढा म्हटल्यावर सईच्या आई म्हणतात तेच, पोरं सोडून कुणी हात वर करेना. टॉर्च लावा म्हटल्यावर सगळे. आमच्या समोरच्या वाड्यातल्या आजी गॅलरीतून टॉर्च ओढत होत्या, त्यांची बाजू कुठली हे आम्ही ठरवलंच नव्हतं, त्या बहुतेक दोन्हीकडून होत्या. आवाजाचंही खरं निघालं, करकर आवाज जोडला त्याच्याआधी लोक दहा सेकंदांत कंटाळत होते, जोडल्यावर थांबेनात.

अध्यक्षांना काळजी होती की दैत्यांच्या बाजूला उभं राहायला कोण तयार होणार, लोकांच्या भावना वगैरे. सगळी पोरं तिकडेच पळाली. शेवटी चार कार्यकर्त्यांना देव म्हणून सक्तीने उभं करावं लागलं.

खऱ्या दोराचीही टेस्ट केली, टपरीवरच्यांच्या मानासाठी. पुढच्या रांगेतल्या लहान मुलांसाठी पाच फुटांचा तुकडा, एक टोक खांबाला, लोड सेल मधे. दोन पोरं त्यावर लोंबकळली आणि लोड सेल गेला. भंगारवाल्याकडे अजून तीन आहेत.

टपरीवरचा

मानासाठी म्हणे. स्प्रिंग लावा मधे आणि मागे साखळीचा स्टॉपर, म्हणजे साखळी ताणली की पुढचा भार खांबावर, सेलवर नाही. ट्रॅक्टरच्या सीटची स्प्रिंग चालेल. मी फॅब्रिकेशन करतो, सांगितलं नव्हतं एवढंच.

अनुस्वार

हलाहलाचं काय केलंत? ते राहू देऊ नका.

कार्यकर्ता_नं_७

@टपरीवरचा दादा, नंबर व्यक्तिगत निरोपात द्या, उद्याच येतो.

@अनुस्वार ताई, केलं. शंभर टक्के ओढ भरली की समुद्र हळूहळू निळा-काळा होतो, करकर आवाज तुटतो, आणि निवेदनात एकच वाक्य, 'विष आलंय, दिवे घालवा.' सगळे टॉर्च गेल्याशिवाय शंकर पुढे येत नाही, कॅमेऱ्याला एकही ठिपका दिसता कामा नये. पहिल्या वेळी एका काकांना टॉर्च बंद करता येईना, सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत थांबली, शेवटी त्यांच्या नातीने केला. मग गल्लीत खरंच अंधार झाला, दुकानाची लायटिंग सोडून, आणि सात-आठ सेकंद कुणी बोललं नाही. वीस वर्षांत आमच्या देखाव्यासमोर एवढी शांतता मी ऐकली नव्हती. रीलही कुणी काढत नव्हतं, म्हणजे मला तरी दिसलं नाही.

आता एकच अडचण उरलीय, कॅमेरा बांबूवर आणि लॅपटॉप मंडपामागे, मधे पंधरा मीटर, आणि साधी यूएसबी केबल पाच मीटरच्या पुढे दम टाकते. ॲक्टिव्ह एक्स्टेंशन कुणाकडे पडून असेल तर दहा दिवसांसाठी द्याल का? प्रसाद घरपोच.